इंद्रायणीकाठचे कागद

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून देहूला जायचं तर आधी देहूरोड लागतं, आणि बहुतेक माणसं ते गाव न बघताच पुढे जातात. लष्करी आगारांच्या लांबलचक भिंती, जुनी झाडं, रुळांच्या बाजूने पसरलेला बाजार, आणि त्या बाजारात वडापावच्या कढईला लागून इडलीची गाडी. छावणीच्या गावांत असते तशी इथल्या बोलण्यात चार-पाच भाषांची सरमिसळ आहे, आणि कोणी कुठला हे विचारण्याची फारशी घाई नाही. याच गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला अजून जवळजवळ दोन वर्षं होती. विहारासमोर उभं राहिलं की मला त्याच्याही वीस वर्षं आधीचे बॅरिस्टर आंबेडकर आठवतात, कारण माझ्या विषयाचं एक टोक तिथे सापडतं. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. वाचकांच्या खासगी प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरं अश्लील ठरवून १९३४ साली सरकारने खटला भरला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीही विचारणा होती. कर्व्यांचं वकीलपत्र आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, आणि लोक विचारतात तर जाणकाराने उत्तर दिलंच पाहिजे, अशी त्यांची बाजू होती. ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. समलिंगी माणसांचा विषय म्हणजे परदेशातून हल्ली आलेलं खूळ, असं म्हणणाऱ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी. प्रश्न विचारणारे मासिकाचे साधे वाचक होते, आणि त्यांचे प्रश्न टपालाने येत होते.

देहूरोडपासून देहू जवळच आहे, पण हवा पालटते. कमानीतून आत शिरताच दोन्ही बाजूंना टाळ, चिपळ्या, वीणा, पखवाज, तुळशीच्या माळा आणि बुक्क्याच्या पुड्यांची दुकानं. राजगिऱ्याचे लाडू, पेढे, शेंगदाण्याचे ढीग. पिठलं-भाकरी देणाऱ्या खाणावळीत कांदा मागितला की फोडूनच देतात, चिरून नव्हे. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे पाहुण्याला बसायला सांगतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. कुठलं गाव, कुणाचे कोण, लग्न झालंय का. देहूत माणूस आधी वाकतो. वाकलेल्याच्या पायाला समोरचाही हात लावतो, मग तो वयाने लहान असो, बाई असो, परका असो. वारकऱ्यांची ही रीत नुसती पाहिली तरी वाटतं, इथे कुणाला वेगळं पाडणं अवघड जात असेल. देवळाच्या आवारात पुरुष गवळणी म्हणतात आणि गवळणीतली तक्रार गोपीची असते. विरहिणी म्हणताना दाढीवाला बुवा स्वतःला विरहिणी म्हणवतो. भारूड रंगलं की सोंगाड्या लुगडं नेसून येतो आणि बायाबापड्या त्याला हसतात तशा त्याचं ऐकतातही. पुरुषाने स्त्रीच्या आवाजात बोलावं, याला वारीच्या वाटेवर साडेतीनशे वर्षांत कुणी हरकत घेतलेली नाही.

इथूनच एक युक्तिवाद निघतो आणि तो सभांमधून बऱ्याचदा ऐकू येतो. आपल्याकडे हे सगळं होतंच, अर्धनारीनटेश्वर होता, शिखंडी होता, बृहन्नडा होती, संतांनी भेद मानला नाही; मग हक्क, कायदे, मोर्चे कशाला? बोलणाऱ्याचा हेतू पुष्कळदा चांगला असतो. पण या युक्तिवादाचा निकाल वारकऱ्यांच्याच इतिहासात लागलेला आहे. चोखोबांचे अभंग सर्व दिंड्यांत म्हटले गेले, त्यांच्या समाधीला पंढरीत नामदेव पायरीपाशी जागा मिळाली, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला मात्र १९४७ पर्यंत त्या पायरीच्या आत जाता आलं नाही. साने गुरुजींना त्यासाठी प्राणांतिक उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं अभंग म्हणूनही जे दार उघडलं नाही ते उपोषणाने, लोकमताच्या रेट्याने आणि कायद्याने उघडलं. म्हणून मी संतांना आजच्या चळवळीचे पुरस्कर्ते म्हणून उभं करणार नाही. गवळण म्हणणारा बुवा कीर्तन संपवून पुरुष म्हणून घरी जातो, आणि लुगडं उतरवलेल्या सोंगाड्याला गावात कोणी अडवत नाही. ते लुगडं ज्याला उतरवायचं नसतं, त्याच्याबद्दल गवळण काही सांगत नाही. आपल्या समाजाला मान देणं सोपं जातं. तो सणावारी देता येतो आणि दुसऱ्या दिवशी परतही घेता येतो. हक्क परत घ्यायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. देहूहून चाकणकडे आणि तिथून पिंपरीकडे जाताना मला जे दिसलं ते या एकाच फरकाभोवती फिरत राहतं.

गावाच्या कडेने इंद्रायणी वाहते. घाटावर लोक माशांना चणे-फुटाणे टाकतात. इथले मासे पकडायचे नाहीत, असा जुना दंडक आहे. पाण्याचा रंग अलीकडे फारसा भक्तिभाव जागवत नाही, आणि खाली आळंदीला तर नदीवर पांढऱ्या फेसाचे थर चढतात, पण तो वेगळ्या लेखाचा विषय. या पाण्यात कागद दोनदा बुडाले, असं परंपरा सांगते. एकदा तुकोबांनी स्वतः बुडवले. सावकारीची खतं होती, भावाच्या वाटणीची त्याला देऊन आपल्या वाटणीची त्यांनी नदीत सोडून दिली. दुसऱ्यांदा त्यांना बुडवायला लावले. अभंगांच्या वह्या होत्या. शूद्राने वेदार्थ सांगितला, हा आरोप होता, आणि तेरा दिवसांच्या धरण्यानंतर त्या वर आल्या. पुढे गाथा मंदिराच्या भिंतींवर त्याच अभंगांची अक्षरं संगमरवरात कोरलेली आहेत, पाण्यात जाणार नाहीत अशी. चमत्कारावर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, कथेतला भेद लख्ख आहे. एका कागदाने कुळं बांधली होती, तो गेला म्हणून कुणी रडलं नाही. दुसऱ्या कागदावर एका माणसाचं म्हणणं होतं, त्यासाठी तो माणूस जिवावर उदार झाला. कागदाची बाजू मांडायला निघालेल्या माझ्यासारख्याला हे आधीच बजावून ठेवायला हवं, कारण कागद या विषयात दोन्ही कामं करतो.

एक कागद तर पुणे प्रांताच्याच दप्तरातला आहे. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने १९८७ साली दख्खनेतल्या हिजड्यांच्या हक्कांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मराठेशाहीत काही हिजड्यांना ठरावीक गावांतून पैसा आणि धान्य मागण्याचा हक्क होता. तो नुसता रिवाज नव्हता. त्याला सनदा होत्या, आणि तो गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे वतनच म्हणा. सुताराला बलुतं, देवळाला इनाम, तसं यांना मागण्याचं वतन. देहूचंही बस्तान असंच बसलं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली, पुढे छत्रपतींकडून इनाम मिळालं, आणि आजही पालखीचा पहिला मुक्काम गावातल्याच इनामदार वाड्यात असतो. इनामांची चौकशी इंग्रजांनी केली तेव्हा देवळांची इनामं बऱ्याच अंशी शाबूत राहिली. हिजड्यांच्या हक्काला पाठबळ देणं मात्र मुंबई सरकारला लाजिरवाणं वाटलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते काढून घेण्यात आलं. माणसं तिथेच राहिली, मागणंही राहिलं, पण कालपर्यंत जो हक्क होता तो उपद्रव झाला. आजची बधाई (बारशा-लग्नात आशीर्वादाबद्दल मिळणारे पैसे) आणि मंगती (रस्त्यावर, दुकानांत पैसे मागणं) या दोन्हींकडे मी त्या तुटलेल्या सनदेच्या मागच्या बाजूने बघतो. दुकानदार दहाची नोट देतो ती थोडी श्रद्धेने, थोडी भीतीने आणि बरीचशी कटकट टळावी म्हणून. पूर्वी ती देण्यामागे या तिन्हींच्या जोडीला दप्तरातली नोंदही होती.

आमच्याकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात श्रद्धेपोटी दिला जाणारा मान अजून ठसठशीत आहे. मंगळवार-शुक्रवारी रेणुकेला वाहिलेला जोगता किंवा जोगतीण परडी घेऊन दारात आली की सासुरवाशीण लगबगीने सुपातलं पीठ घेऊन बाहेर येते. सौंदत्तीहून यात्रा परतली की ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेला घरोघरी भाकरी, वरणं-वांगं, कांद्याची पात आणि आंबिलीचं मडकं तयार होतं, आणि त्या दिवशी लुगडं नेसलेल्या जोगत्याला सर्वांआधी वाढतात. देहूकडच्या वारकऱ्यांना हा प्रकार थोडा अंगावर येणारा वाटतो. माळकऱ्याच्या घरात देवी अंगात येणं फारसं रुचत नाही. पण आमचा मान बुधवारी आणि गुरुवारी कुठे जातो? परडी भरणारं घर जोगत्याला भाड्याने खोली देत नाही. आणि याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी मानाची किंमत ओळखून २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी ठेवल्याचं गॅझेटात छापून टाकलं. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे चहा प्यायले, ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकतो. तिचा पूर्वार्ध आम्ही विसरतो: आधी धंदा उभा राहिला, मग महाराजांची गाडी थांबली.

देहू सोडून तळवड्याच्या बाजूने चाकणकडे निघालं की भंडारा डोंगर मागे पडतो आणि भामचंद्र समोर येतो. तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात, त्यांच्या पायथ्याशी आता गोदामं, पत्र्याच्या शेड आणि जोडसाखळ्यांचे ट्रेलर आहेत. चाकण हे कांद्या-बटाट्याच्या बाजाराचं गाव, फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाशी झुंजवलेल्या संग्रामदुर्गाचं गाव. २००९च्या सुमाराला इथे जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले आणि गावाचं गावपण संपलं. नांदेड, बुलढाणा, यवतमाळ, बिहार, ओडिशा, सगळीकडची विशी-पंचविशीतली पोरं इथे आहेत. सकाळी नाक्यावर पोहे आणि कटिंग, खांद्याला सॅक, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, कंपनीच्या बसकडे डोळे. इथे माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही, त्याच्याजवळ काय काय आहे हे विचारतात. आधार, पॅन, आयटीआयचं प्रमाणपत्र, गेट पास, पोलीस पडताळणी, भाडेकरार. शेतात खोल्यांच्या रांगा बांधलेल्या मालकाचा प्रश्न तर दोनच शब्दांचा असतो: फॅमिली की बॅचलर?

त्या प्रश्नात समलिंगी तरुणांचं या पट्ट्यातलं सगळं आयुष्य मावतं. दोन पोरं एका खोलीत राहिली तर कोणी भुवई उंचावत नाही, उलट बॅचलर म्हणून तीच अपेक्षा असते. गावात जे अशक्य होतं ते चाकणला आपोआप होतं, फक्त त्याला नाव द्यायचं नाही. मुलींच्या हॉस्टेलांत आणि तीन-तीन जणींच्या खोल्यांतही तसंच. औद्योगिक शहरांनी जगभर हे केलं आहे. पगार आणि अनोळखी शेजार मिळाला की माणूस मोकळा होतो. पण हा मोकळेपणा वयाच्या तिशीशी संपतो. मग बॅचलरचं भाडं वाढतं, घरून फोन वाढतात, दिवाळीला गावी गेलं की स्थळांचे फोटो पुढे येतात. तृतीयपंथीयाला निदान बारशाला बोलावतात. समलिंगी माणसाला कुठल्या सणात जागा नाही, परडी नाही, आशीर्वाद देण्याचा मानही नाही. त्याच्या बाबतीत समाजाने एकच सवलत दिली, ती म्हणजे न बघणं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली पुस्तकरूपाने आली, बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि २०११ च्या डिसेंबरात पुण्यात पहिली अभिमान यात्रा निघाली. हे सगळं नदीच्या त्या तीरावर, पेठा-कँपाच्या बाजूला. चाकणच्या शिफ्टमधल्या पोरापर्यंत यातलं पोचतं ते मोबाइलवरूनच.

म्हणून हा शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचा प्रश्न आहे, असा आक्षेप इथे हमखास येतो. भाकरीचा प्रश्न आधी, हे नंतर. मला हा आक्षेप उलटा वाटतो. पैसेवाल्या समलिंगी माणसाला कायद्याची गरज सगळ्यात कमी. त्याचं घर त्याच्या नावावर असतं, त्याचा वकील असतो, फारच झालं तर विमान असतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक होता तो खोलीमालकाच्या, साध्या वेशातल्या पोलिसाच्या आणि पैसे उकळणाऱ्याच्या हातात, आणि तो पडे कंत्राटी कामगारावर. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीच्या प्रौढ संबंधांपुरतं ते कलम मोडीत काढलं तेव्हा सर्वांत मोठं ओझं त्याच्या मानेवरून उतरलं. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, आणि पुष्कळांनी निराश होऊन हात टेकले. पण त्याच निकालात केंद्राने समिती नेमण्याची हमी दिली होती, आणि २०२४ साली तिच्या पाठोपाठ दोन रूक्ष पत्रकं निघाली. एकाने राज्यांना सांगितलं की समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एका घरातले धरा. दुसऱ्याने स्पष्ट केलं की त्यांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि खात्यासाठी एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. वर्तमानपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर टाकली. माझ्या मते चाकणच्या खोलीत राहणाऱ्याला अभिमान यात्रेइतकंच या दोन पत्रकांचं मोल आहे, आणि ती तालुक्याच्या पुरवठा कार्यालयातल्या टेबलापर्यंत पोचली का, हे विचारणं हे आता कार्यकर्त्यांचं कंटाळवाणं पण खरं काम आहे.

नाशिक रस्त्याने भोसरीवरून पिंपरीत उतरलं की दृश्य परत बदलतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली इथे आला आणि खेड्यांचं शहर व्हायला लागलं. महानगरपालिका झाली १९८२ साली. पिंपरी कँपातल्या सिंधी दुकानांत दालपकवान मिळतो आणि शेजारच्या गल्लीत खानदेशी मांडे. पुण्याच्या माणसाला हे शहर बेंगरूळ वाटतं, मला ते कुणालाही नाही न म्हणणारं वाटतं. २०२२ साली या पालिकेने, राजेश पाटील आयुक्त असताना, तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून आणि ग्रीन मार्शल पथकात कामावर घेतलं. पन्नाशी ओलांडलेल्या तृतीयपंथीयांसाठी दरमहा तीन हजार रुपयांचं अर्थसाहाय्यही ठरवलं. ग्रीन मार्शल म्हणजे कचरा टाकणाऱ्याला, रस्त्यावर थुंकणाऱ्याला, प्लॅस्टिक वापरणाऱ्याला दंड करणारं पथक. गणवेश, बिल्ला आणि हातात पावतीपुस्तक. मला या योजनेत सर्वांत जास्त आवडतं ते हे पुस्तक. तेच रस्ते, तेच दुकानदार, आणि पैसे मागणारा हातही तोच. फक्त आता दिलेल्या पैशाची पावती मिळते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई सरकारने जे दप्तर बंद केलं होतं त्याचं पान एका पालिकेने, बहुधा इतिहास न वाचताच, परत उघडलं.

याच्यावर टीका करणं सोपं आहे आणि टीका खरीही आहे. नोकऱ्या थोड्या, त्या कायम आस्थापनेवरच्या नाहीत, कामही पहाऱ्याचं आणि हटकण्याचं. लेखनिकाच्या खुर्चीत, दवाखान्याच्या काउंटरवर, शाळेच्या वर्गात कोणी बसवलेलं नाही. तृतीयपंथीयांना लोक बिचकतात म्हणून पहाऱ्यावर उभं करणं, यात बिचकणंच वापरून घेतलं आहे, हेही खरं. तरीही थोड्यांना मिळालेली नोकरी आणि कुणालाच न मिळालेली नोकरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिलीसाठी वेतनपत्रक निघतं, हजेरीपट निघतो, आणि पुढच्याला ‘अशी पद्धत नाही’ असं सांगता येत नाही. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना कामावर घेतलं तेव्हा देशभर कौतुक झालं, आणि काही दिवसांतच आठ जणींनी काम सोडलं. पगारात परवडेल अशी खोली द्यायलाच कोणी तयार नव्हतं. चाकणच्या घरमालकाचा दोन शब्दांचा प्रश्न इथे परत भेटतो. फॅमिलीही नाही आणि बॅचलरही नाही, अशा भाडेकरूसाठी त्याच्याकडे तिसरं उत्तर नाही. पालिकेने नोकरीच्या पत्राबरोबर भाडेकरारालाही जामीन राहावं, असं माझं म्हणणं आहे. स्वतःच्या घरकुल योजना असलेल्या संस्थेला हे जड नाही. आणि जे सरकारी अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं ते किती लवकर जातं, हे पुण्याने पाहिलं आहे: तृतीयपंथीयांसाठीचं ‘मित्र’ क्लिनिक अमेरिकी मदतीवर चालत होतं, २०२५ च्या जानेवारीत तिकडे मदत गोठली आणि इथे दार बंद झालं.

दुसरी हरकत अधिक रोखठोक आहे, आणि ती सभ्य माणसं हळू आवाजात घेतात. सिग्नलवर अडवणूक होते, नव्या दुकानाच्या उद्घाटनाला हजारो मागतात, न दिल्यास शिव्या. होतं हे, नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुणे शहर पोलिसांनी चौकांत तृतीयपंथीयांनी जमून पैसे मागण्यावर मनाई आदेश काढला तेव्हा बऱ्याच वाहनचालकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण आदेश एका कृत्याविरुद्ध काढायचा की एका समाजाचं नाव घेऊन? खंडणी कुणीही मागितली तर गुन्हाच आहे, त्याला कलमं आहेत. नाव घालून काढलेला आदेश सिग्नल ओलांडून कामावर निघालेल्या ग्रीन मार्शललाही संशयित करतो. आणि चौकातून हटवलेली माणसं जातात कुठे, याचा विचार त्या आदेशात नव्हता, जसा तो एकोणिसाव्या शतकातल्या हुकमातही नव्हता. मंगती बंद व्हावी असं मलाही वाटतं, तृतीयपंथीयांच्या डेऱ्यांतल्या, म्हणजे गुरूच्या घरांतल्या, पुष्कळ तरुण चेल्यांनाही वाटतं. ती हजेरीपटाने बंद होईल, काठीने नाही.

आता कागदाच्या विरुद्ध असलेलं म्हणणं, जे मला सर्वांत वजनदार वाटतं आणि जे खुद्द त्या समाजातून येतं. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, आपण कोण हे माणसाने स्वतः ठरवावं. तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्याने त्यावर जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची पायरी बसवली. आपण आपण आहोत हे सांगायला अर्ज, शपथपत्र, फेऱ्या. यादीत नाव आलं की पोलिसालाही ते सापडणार, घरच्यांनाही. ही भीती खोटी नाही. सावकाराचं खतही कागदच होतं. पण कागद नसल्यानेही माणसं सुटत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला तेव्हा निवडणूक अधिकाऱ्याने तो तृतीयपंथी म्हणून फेटाळला; औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडून आल्या. पोलीस भरतीच्या संगणकीय अर्जात तिसरा रकानाच नव्हता. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडसावल्यावर तो आला. दोन्ही ठिकाणी कागद होताच. फक्त तो दुसऱ्याने भरलेला होता. माळशिरस तालुक्यातून ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या जातात, आणि त्याच तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली माउली कांबळे यांना थेट सरपंच निवडलं. गावकऱ्यांनी त्यांना वर्षानुवर्षं मान दिला असेलही. सही करण्याचा अधिकार त्यांना मतपेटीतून मिळाला.

पिंपरीच्या पालिकेसमोरून निगडीकडे जाताना भक्ती-शक्ती चौकात शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प लागतं, आणि आषाढीच्या आधी पालखी याच बाजूने आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तेव्हा पालिका पाणी, शौचालयं, दवाखाने सगळं पुरवते, आणि कुठल्या दिंडीत किती माणसं याची नोंद ठेवते. नोंद असल्याशिवाय टँकर निघत नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ असा रकाना पहिल्यांदा आला आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसं त्यात मोजली गेली. एवढ्या मोठ्या राज्यात हा आकडा किती अपुरा आहे हे पुणे-मुंबईतला कुठलाही डेरा सांगेल. चाळीच्या दारात प्रगणक उभा राहिला की उत्तर घरमालक देतो किंवा कुटुंबप्रमुख देतो, आणि मुलगा म्हणून जन्मलेली मुलगी घरच्यांच्या तोंडून मुलगा म्हणूनच लिहिली जाते. २०२७ च्या जनगणनेत माणसाला स्वतःची माहिती मोबाइलवरून स्वतः भरायची सोय ठेवली आहे. चाकण-भोसरीच्या खोल्यांत राहणाऱ्यांना ती सोय कळायला हवी, आणि ती कळवायला पालिकेकडे गणवेशातली माणसं आहेत, जी कुठला डेरा कुठल्या गल्लीत आहे हे जाणतात. प्रगणकांच्या जोडीला त्यांना पाठवावं, आणि त्या कामाचे दिवस हजेरीपटावर धरावेत.